मानसशास्त्र शिकून पुढं काय ?



गेल्या महिन्यात ऊस नोंदीच्या कामासाठी गट ऑफिसवर गेलो होतो. गर्दी होती. एकेकाचा गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख लिहून घेण्याचे काम चालू होते. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका सभासदांनी हळूच विचारले, "गुरुजी, एक इचारायचं हुतं. थोरली पोरगी एम.ए. झाली, मानसशास्त्रात. आपल्या हायस्कुलात समुपदेशक म्हणून लागलीया, पर वर्साच्या करारावर. एप्रिलात करार संपतोय. पावणं म्हणत्यात बी.एड. करा, मास्तरीण व्हईल. तुमी सांगा, ह्या नोकरीत ऱ्हायली तर धा वर्सांनी तिचं काय हुतंय ?"

मी चौतीस वर्षे शाळेत काढली. डी.एड., बी.एड., कृषी पदविका, आय.टी.आय., कशाबद्दलही विचारले तर मी उभ्या उभ्या सांगू शकतो. पण या प्रश्नाचे उत्तर मला आले नाही. "तात्या, जरा दम धरा, चौकशी करून सांगतो," एवढेच म्हणालो. नंतर नियम वाचले, या क्षेत्रातल्या जाणत्या माणसांना भेटलो, खुद्द त्या मुलीशीही बोललो. मग लक्षात आले की हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या भागातल्या पुष्कळ मुली आणि काही मुलगेही मानसशास्त्र घेऊन बी.ए., एम.ए. होत आहेत. फी आपण ऊस बिलातून भरतो. तेव्हा ही वाट कुठे जाते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा लेख.

एका पोराची गोष्ट

आधी माझी एक चूक सांगतो, म्हणजे या कामाची गरज काय ते कळेल.

तीसएक वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. बाजाराचा हिशेब तोंडी बिनचूक करायचा. सायकलची चेन निघाली की सगळी पोरे त्याच्याकडे जायची. पण वाचायला उभा केला की घाम फुटायचा. 'भ' ला 'म' म्हणायचा, 'ब' ला 'व'. एकच शब्द पहिल्या ओळीत बरोबर लिहायचा आणि तिसऱ्या ओळीत चुकायचा. मी म्हणायचो, मघाशी बरोबर आलं, मग आत्ता का चुकतंय ? म्हणजे हा आळसच. छड्या दिल्या. बाकावर उभा केला. शेवटी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "पोरगं ढ आहे, शेताला लावा." सातवीत त्याने शाळा सोडली.

आज तो ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो. वजनकाट्यावर भेटला की वाकून नमस्कार करतो आणि माझीच मान खाली जाते. कारण पुढे फार उशिरा मी वाचले की बुद्धी चांगली असूनही काही मुलांना अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणे अवघड जाते. इंग्रजीत त्याला डिस्लेक्सिया म्हणतात, आपल्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार मोजले आहेत, त्यात हा एक आहे. छडीने तो जात नाही. योग्य पद्धतीने, पायरी पायरीने शिकवले तर पोर वाचू लागते. हे मला ठाऊक नव्हते आणि ज्याला ठाऊक असेल असा माणूस शाळेत नव्हता.

आता पुढचे ऐका. त्या ट्रॅक्टरवाल्याचा धाकटा मुलगा आपल्या हायस्कूलला पाचवीत आहे. त्यालाही तोच त्रास. अशी अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. पण या वेळी वर्गशिक्षकांनी छडी घेतली नाही. त्यांनी त्याला तात्यांच्या मुलीकडे पाठवले. तिने दोन आठवडे त्याला वाचताना, खेळताना, हिशेब करताना पाहिले, आई-बापांना बोलावले, आणि तपासणीसाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवला. बापाने नंतर मला विचारले, "गुरुजी, म्हंजे मी ढ न्हवतो ?" मी काय उत्तर देणार !

एप्रिलात करार संपतो आहे तो या मुलीचा.

हे काम नेमके काय ?

शाळेतल्या मानसशास्त्राची सुरुवातही अशाच एका पोरापासून झाली. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात मार्गारेट मॅग्वायर नावाच्या शिक्षिकेने चौदा वर्षांचा एक मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक लायटनर विटमर यांच्याकडे नेला. मुलगा बाकी हुशार, पण शब्दांचे स्पेलिंग काही केल्या येईना. विटमरनी तपासले तेव्हा त्याच्या डोळ्यांतही दोष निघाला. चष्मा दिला, वेगळ्या पद्धतीने शिकवले, आणि मुलगा सुधारू लागला. त्याच वर्षी विटमरनी विद्यापीठात मुलांसाठी तपासणी केंद्र उघडले. पुढे १९१५ साली कनेक्टिकट राज्याने अर्नोल्ड गेसेल यांना 'शाळा मानसशास्त्रज्ञ' अशा पदावर नेमले. या हुद्द्याची ती पहिली नेमणूक मानतात. आपल्याकडे मुंबईत आज ज्या संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतात, तिने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तीही मानसशास्त्राच्या पायावर. म्हणजे हे काही कालचे फॅड नव्हे.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे माती परीक्षणासारखे आहे. ऊस पिवळा पडला की आपण काय करतो ? अडाणी माणूस युरियाचे पोते ओततो. पण पिवळेपणा चुनखडीच्या रानात लोह कमी पडल्याने येतो, पाणी साचून मुळी गुदमरल्याने येतो आणि नत्र कमी पडल्यानेही येतो. दिसायला सगळे पिवळेच. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे. तसेच मुलाचे. अभ्यासात मागे पडण्याचे कारण डोळे-कान असतील, वाचनाची अडचण असेल, घरातली दारू असेल, कुणाचा मृत्यू असेल, किंवा कुणी त्या लेकराला त्रास देत असेल. मुलाला नावे न ठेवता आधी कारण शोधणे हे या माणसाचे पहिले काम.

बाकीची कामे अशी. परीक्षेची धास्ती घेतलेल्या मुलांशी बोलणे. दहावीनंतर विज्ञान, आय.टी.आय. की शेती, हे मुलाचा कल पाहून ठरवायला मदत करणे. वर्ग कसा हाताळावा याबद्दल शिक्षकांना सल्ला देणे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कुणाच्या बोलण्यात आले तर ते वेळीच ओळखून डॉक्टरांकडे पोचवणे. हंगामात आई-बाप ऊसतोडीला गेले आणि मागे आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले अबोल होतात, त्यांची विचारपूस करणे. आपल्या फडावर येणाऱ्या टोळ्यांची ही मुले. त्यांची जबाबदारी आपल्याला झटकता येणार नाही.

मुलाने सांगितलेले बाहेर फोडायचे नाही हा या कामाचा धर्म. पण त्यालाही मर्यादा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे गावकी, भावकी, संस्थेचे नाव यांपैकी काहीही आडवे येता कामा नये.

दारावरच्या पाट्या ओळखा

आपल्या लोकांचा मोठा घोळ इथे होतो. चार वेगवेगळी माणसे आहेत, ती नीट समजून घ्यावीत.

एक, मनोविकारतज्ज्ञ. हे एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेले डॉक्टर. औषध फक्त हे देतात.

दोन, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेत असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने झाली. नोंद नसताना असा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्या कायद्यात तरतूद आहे. नुसते एम.ए. झाल्याने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही.

तीन, विशेष शिक्षक. विशेष शिक्षणातली बी.एड. किंवा पदविका घेतलेले, तेही याच परिषदेत नोंदलेले. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला रोज शिकवण्याचे काम यांचे.

चार, शाळा समुपदेशक किंवा शाळा मानसशास्त्रज्ञ. आपल्या देशात 'शाळा मानसशास्त्रज्ञ' असा वेगळा परवाना नाही. एम.ए. मानसशास्त्र आणि वर समुपदेशनाचे प्रशिक्षण असलेली माणसे हे काम करतात. अध्ययन अक्षमतेचे सरकारी प्रमाणपत्र यांच्या सहीने मिळत नाही. ते ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातच मिळते, तिथे डॉक्टर आणि नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ मिळून तपासणी करतात. ते प्रमाणपत्र असले की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. पण कोणत्या मुलाला तिथे न्यायचे हे पहिल्यांदा शाळेत ओळखावे लागते.

वाट कशी आहे ?

आता तात्यांच्या प्रश्नाकडे येऊ.

पहिली पायरी शिक्षणाची. बारावी कोणत्याही शाखेची चालते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. आणि नंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. एम.ए.ला समुपदेशन, चिकित्सा किंवा बालविकास असा विषय निवडता येतो. शाळेत काम करायचे असेल तर समुपदेशनाची एक वर्षाची पदविका जोडलेली बरी. आधीच शिक्षक असलेल्यांसाठीही दार आहे. एन.सी.ई.आर.टी. ही संस्था मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवत आली आहे, त्यात शिक्षकांना प्राधान्य असते. आपल्या एखाद्या शिक्षकाला तो करायला पाठवता येईल.

दुसरी पायरी पहिल्या नोकरीची. सी.बी.एस.ई.च्या २०१८ च्या संलग्नता नियमांनी त्यांच्या माध्यमिक शाळांत समुपदेशक नेमणे बंधनकारक केले. त्यामुळे शहरातल्या आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळांत जागा निघतात. नवोदय विद्यालयांत करारावर समुपदेशक घेतात. शाळेबाहेरही कामे आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशक असतो. आरोग्य खात्याच्या किशोरवयीन मुलांच्या केंद्रांत समुपदेशक असतो. लहान मुलांच्या दोषांचे लवकर निदान करणारी जिल्हा केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून उभी राहू लागली, त्यात मानसशास्त्रज्ञाचे पद आहे. यातल्या बहुतेक नेमणुका कराराच्या आहेत, हेही सांगून ठेवतो. लपवण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी पाचएक वर्षांच्या अनुभवानंतरची. इथे वाट फुटते आणि तीन फाटे दिसतात. पहिला फाटा चिकित्सेचा. पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम करून नोंदणी घ्यायची, म्हणजे तपासणी आणि निदान करता येते, रुग्णालयाचे किंवा स्वतःच्या केंद्राचे काम मिळते. यासाठी आतापर्यंत दोन वर्षांचे एम.फिल. असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केले आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. तेव्हा प्रवेश घेताना जुन्या माहितीवर विसंबू नये, परिषदेची त्या वर्षाची यादी बघावी. दुसरा फाटा विशेष शिक्षणाचा, म्हणजे विशेष बी.एड. करून शाळेतच दुहेरी काम. समग्र शिक्षा योजनेत गट साधन केंद्रावर अशी माणसे लागतात. तिसरा फाटा अध्यापनाचा. नेट किंवा सेट, पुढे पीएच.डी., आणि महाविद्यालयात प्राध्यापक.

चौथी पायरी वरची. अनेक शाळांच्या समुपदेशकांवर देखरेख करणारा प्रमुख, शिक्षक-प्रशिक्षक, स्वतःच्या केंद्राचा चालक. इथे पोचलेली माणसे मुंबई-पुण्यात आहेत. आपल्या तालुक्यात एकही नाही. तात्या, तुमच्या 'धा वर्सांनी काय' याचे उत्तर इथे अडते. खालच्या पायऱ्या आहेत, वरच्या पायऱ्या लांब शहरात आहेत, आणि मधला जिना खेड्यात कुणी बांधलेलाच नाही.

जिथे जिना बांधला तिथे काय केले ?

अमेरिकेत या लोकांची राष्ट्रीय संघटना १९६९ साली झाली. त्यांनी एकेक पायरी ठरवून घेतली. पदवीनंतर साधारण तीन वर्षांचे शिक्षण. त्यात अखेरीस बाराशे तासांची उमेदवारी, आणि त्यातले किमान सहाशे तास प्रत्यक्ष शाळेत, जाणत्याच्या हाताखाली. मग राज्याचा परवाना. १९८८ पासून राष्ट्रीय प्रमाणपत्रही आहे, आणि ते दर तीन वर्षांनी ७५ तासांचे नवे शिक्षण घेतल्याशिवाय नवे करून मिळत नाही. पाचशे विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी संघटनेची शिफारस आहे. ती सगळीकडे पाळली जाते असे नाही, तिथेही माणसे कमी पडतात. पण नव्या माणसाला वरिष्ठ कोण, पुढचे शिक्षण कोणते, बढती कुठली, हे पहिल्या दिवशी माहीत असते. पुढे तोच त्या भागातल्या शाळांचा प्रमुख मानसशास्त्रज्ञ होतो किंवा विद्यार्थी-सेवा खात्याचा संचालक होतो.

सगळे तसेच आपल्याकडे करा असे माझे म्हणणे नाही. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. हे काम करणाऱ्याला एकटे सोडायचे नसते. दिवसभर पोरांची दुःखे ऐकून त्याचेही मन थकते, चुकाही होतात. महिन्यातून एकदा तरी कुणा अनुभवी माणसासमोर बसून केलेल्या कामाची चर्चा झाली पाहिजे. तात्यांच्या मुलीला मी विचारले, "तुला सर्वांत जास्त काय जड जातं ?" मला वाटले पगार म्हणेल. ती म्हणाली, "गुरुजी, मी बरोबर करतेय का चुकीचं, हे विचारायला इथं कोणीच नाही. रात्री झोप लागत नाही."

कागदावर आणि शाळेत

कायदा आता शाळांच्या मागे लागला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहे. लहान शाळा एकत्र जोडून समुपदेशकासारखी माणसे त्यांच्यात वाटून घ्यावीत, असे त्यात सुचवले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरच्या शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. पट कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावे. कायदा होईपर्यंत या सूचना लागू राहतील, असेही न्यायालयाने म्हटले.

आपल्या संस्थेच्या कोणत्या हायस्कूलचा पट शंभराच्या आत आहे ? एकाही नाही.

पण अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई यांचा हिशेब होतो. समुपदेशकाचे वेगळे पद त्यात धरत नाहीत. म्हणून पगार संस्थेला स्वतःच्या पदरचा काढावा लागतो. आणि पदरचा पैसा म्हटला की वर्षाचा करार, जमेल तेवढे मानधन, आणि शिवाय "रिकामीच बसलीय तर जरा सातवीचा तास घे" हे येते. मी संस्थेला दोष देत नाही. मुख्याध्यापक असतो तर कदाचित मीही हेच केले असते. पण दर एप्रिलला माणूस बदलला तर पोरे कुणापुढे मन मोकळे करणार ? खोडवा राखायचा सोडून दर वर्षी नवी लागण करण्यासारखे आहे हे. बेण्याचा खर्च तेवढा अंगावर.

आपल्याला काय करता येईल ?

१९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला. तेव्हापासून कारखान्याबरोबर शाळा, कॉलेज, दवाखाना उभा करणे हा आपल्या चळवळीचा रिवाज आहे. सरकारने पद दिले की नेमू, असे म्हणत आपण हायस्कुले काढली नव्हती. त्याच रिवाजाने पुढील गोष्टींचा संस्थेने आणि संचालक मंडळाने विचार करावा, अशी नम्र सूचना आहे.

(१) संस्थेच्या सर्व शाळांसाठी मिळून समुपदेशकाचे एक पद करावे. करार एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा असावा, वाढ ठरलेली असावी आणि चांगले काम झाल्यास पद कायम करावे. खर्च शाळा-शाळांत विभागला तर एकावर बोजा येत नाही.

(२) प्रत्येक शाळेत दार लागेल अशी एक लहान खोली द्यावी. शिक्षकांच्या खोलीत, चार माणसांसमोर, कुठलेही पोर मनातले सांगणार नाही.

(३) रजेवर गेलेल्या शिक्षकाचे तास, पर्यवेक्षण, याद्या करणे ही कामे या पदावर टाकू नयेत.

(४) महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणच्या नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाकडे मार्गदर्शनासाठी जाण्याची रजा आणि प्रवासखर्च द्यावा.

(५) तीन वर्षांनी पुढच्या शिक्षणासाठी निम्मी फी संस्थेने भरावी आणि त्या बदल्यात ठराविक वर्षे सेवेचा बाँड घ्यावा. आपण शेतकी खात्याच्या माणसांना प्रशिक्षणाला पाठवतोच. हे त्याच धर्तीवर.

एवढे झाले तर पहिली ती वरिष्ठ होईल, तिच्या हाताखाली दुसरी उमेदवारी करील, आणि दहा वर्षांत आपल्या तालुक्यात जिना तयार होईल. हे सारे एका वर्षात होणार नाही. आडसाली उसालासुद्धा दीड वर्ष वाट बघतो, मग माणूस घडायला दहा वर्षे म्हणजे फार नाहीत.

प्रवेश घेण्याआधी एवढे विचारा

ज्यांच्या घरी मुले या विषयाकडे वळत आहेत त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

अभ्यासक्रम विद्यापीठाचा आहे काय ? तीन महिन्यांत 'बाल मानसशास्त्रज्ञ' करणारी जाहिरात दिसली तर पैसे भरू नयेत. नाव मोठे असते, कागद कुठे चालत नाही.

प्रत्यक्ष कामाचे तास किती ? ते कुणाच्या देखरेखीखाली ? नुसत्या पुस्तकावर हा धंदा येत नाही. पोहण्यासारखे आहे.

क्लिनिकल किंवा विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर पुनर्वास परिषदेच्या चालू यादीत त्या संस्थेचे नाव आहे काय ? 'मान्यता येणार आहे' यावर विसंबू नये.

२०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा जो कायदा झाला, त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचाही समावेश आहे. त्यामुळे उद्या नोंदणीचे नियम बदलतील. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणाचे, प्रत्येक नोकरीचे दाखले जपून ठेवावेत.

आणि शेवटचे, मुलाला किंवा मुलीला दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय आहे काय ? मार्क कितीही असोत, हा गुण नसेल तर ही वाट धरू नये.

तात्यांना काय सांगितले ?

परवा तात्यांच्या घरी गेलो. चहा झाला. सगळे सांगितले. म्हणालो, "तात्या, पोरीनं बी.एड. केलं तर वाया जाणार नाही, तेही एक हत्यार आहे. पण मास्तरीण करायची म्हणून नको. तिनं आणखी दोन वर्षं शाळेत काढावीत, मग विशेष शिक्षणाकडं जायचं की क्लिनिकलकडं, हे तिचं तिला कळेल. दहा वर्षांनी ती आपल्या तालुक्यात असेल की पुण्यात, हे मात्र तिच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या हातात आहे."

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे संस्थेच्या मीटिंगला यायला पायजे म्हना की !"

"यायला पाहिजे," मी म्हणालो, "आणि नुसतं बसून चालायचं नाही, बोलायला पाहिजे."

मुलगी आतून हे ऐकत होती. ती बाहेर आली आणि एवढेच सांगितले, की ट्रॅक्टरवाल्याच्या मुलाची रुग्णालयातली तारीख मे महिन्यातली मिळाली आहे. करार एप्रिलात संपतो. "गुरुजी, करार असो नसो, त्या दिवशी मी त्याच्याबरोबर जाणार आहे. त्याला तसा शब्द दिलाय."

सभासद बंधूंनो, तिने आपला शब्द दिला आहे. आता संस्थेच्या येत्या बैठकीत हा विषय घेतला जावा यासाठी आपण आपापल्या गटाच्या संचालकांकडे लेखी सूचना द्यावी. तसेच कुणाच्याही घरात मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या मनाचा त्रास वाढला असेल तर लाजू नये. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.